अर्जदार

अर्जलेखन हा घटक आम्ही दोघे गेली सतरा-अठरा वर्षे शिकवत आलो आहोत. पदवीच्या वर्गाला ‘उपयोजित मराठी’ नावाची अभ्यासपत्रिका असते. तीत जाहिरात, इतिवृत्त, सारांशलेखन आणि अर्ज असे काही लेखनप्रकार येतात. कविता आणि कादंबरी शिकवून झाल्यावर उरलेल्या तासांत ते उरकायचे, अशी एक रीत पडून गेली आहे आणि आम्हीही तिला अपवाद नव्हतो. मायना, विषय, संदर्भ, मोजका मजकूर, शेवटी ‘आपला विश्वासू’. फळ्यावर एवढे लिहिले की विद्यार्थी उतरवून घेतात आणि परीक्षेत पाचापैकी चार गुण मिळवतात. या चौकटीत माणसाची किती घालमेल दडलेली असू शकते, हे आम्हांला कळले ते आमचाच एक अर्ज लिहायला बसलो तेव्हा.

राज्य माहिती आयुक्तांच्या रिक्त पदांसाठी अर्ज मागवणारी शासनाची जाहिरात मागे निघाली होती. अर्जावर नाव एकाचेच असते, त्यामुळे ते एकाचेच होते. लिहिला मात्र दोघांनी. नाव नवऱ्याचे की बायकोचे, हे येथे सांगण्याचे कारण नाही. गावातही ते अद्याप कोणाला ठाऊक नाही.

गाव पिशोर. कन्नड तालुक्यातले, डोंगररांगेच्या आश्रयाने वसलेले मोठे गाव. कापूस, मका, अलीकडे आले. पाण्यासाठी अंजना-पळशी प्रकल्पाकडे लागलेले डोळे. येथून मंत्रालय जितके दूर आहे तितकेच माहिती आयोग हे प्रकरणही दूर असायला हवे होते. ते आमच्या ओसरीपर्यंत आले ते आबांमुळे.

आबा आमचे शेजारी. एका पावसाळ्यात अतिवृष्टीने कापूस गेला, पंचनामे झाले, अनुदानाच्या याद्या लागल्या आणि आबांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. पंचनामा आपल्यासमोर झाला, कागदावर आपण अंगठा नव्हे तर सही केली, हे ते प्रत्येकाला सांगत. तो कागद पाहायला मिळावा एवढीच त्यांची मागणी होती. एका संध्याकाळी खताच्या पिशवीत गुंडाळलेले सातबारे आणि पासबुक घेऊन ते आले. “सर, मॅडम, तुमी मराठीचे. एवढा एक अर्ज लिहून द्या,” म्हणाले.

आम्ही जोडपत्र ‘अ’ भरायला घेतले. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, विषय, कालावधी, हव्या असलेल्या माहितीचे वर्णन. तेव्हा कळले की महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक अट आहे: अर्ज एकाच विषयावर असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांपलीकडे जाऊ नये. केंद्राच्या नियमांत ही मर्यादा पाचशे शब्दांची आहे. आबांची हकीकत पावसाच्या पहिल्या सरीपासून सुरू होत होती. त्या रात्री आम्ही त्यांची हकीकत छाटत बसलो. भावाशी झालेला बांधाचा वाद गेला, बैल विकल्याचे गेले, पंचनाम्याच्या दिवशी कोणाच्या घरी चहा झाला ते गेले. सारांशलेखनाच्या तासाला ‘अनावश्यक तपशील गाळा’ असे आम्ही किती सहज म्हणतो! येथे गाळलेला प्रत्येक तपशील समोर बसून आमच्याकडे पाहत होता. शेवटी एकशे शेहेचाळीस शब्द उरले. त्यांत आबा कोठेही नव्हते. गट क्रमांक होता, दिनांक होता, ‘साक्षांकित प्रत’ होती. पण अर्ज बिनचूक झाला होता.

पुढचे फार लांबवीत नाही. अर्ज ज्या कार्यालयात गेला तेथून तीस दिवसांत उत्तर यायला हवे होते, ते आले नाही. मग जोडपत्र ‘ब’, म्हणजे प्रथम अपील, वीस रुपयांच्या तिकिटासह. तेही तसेच. मग जोडपत्र ‘क’, द्वितीय अपील, थेट आयोगाकडे. या कायद्यात नागरिकाला प्रत्येक पायरीवर मुदत आहे: प्रथम अपील तीस दिवसांत करा, द्वितीय अपील नव्वद दिवसांत. अधिकाऱ्यांनाही आहे. द्वितीय अपिलाचा निकाल मात्र किती दिवसांत लागावा, याविषयी कायदा काहीच बोलत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सतर्क नागरिक संघटनेने देशातल्या आयोगांचा जो अहवाल काढला, त्यात त्या वर्षीच्या जूनअखेर सर्व आयोगांपुढे मिळून चार लाखांहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून होत्या. त्यांतल्या एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या. त्या लाखात आबांचे जोडपत्र ‘क’ कोठेतरी होते.

“तिथं कोन बसतंय?” आबांनी एकदा विचारले.

कोण बसते ते आम्हांला सांगता येईना. छत्रपती संभाजीनगरला आयोगाचे खंडपीठ आहे एवढे ठाऊक होते. म्हणून कायदा काढून बसलो. १२ ऑक्टोबर २००५ रोजी तो देशभर अमलात आला, त्या दिवशी दसरा होता. महाराष्ट्राने स्वतःचा असा कायदा त्याआधीच केलेला होता आणि त्यासाठी आंदोलने झाली होती, हेही आठवले. कलम १५ मध्ये उत्तर होते. मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री अशा तिघांच्या समितीने शिफारस करायची आणि राज्यपालांनी नेमणूक करायची. मुख्य आयुक्त एक, इतर आयुक्त जास्तीत जास्त दहा. आयुक्त होणारी व्यक्ती सार्वजनिक जीवनात नामांकित असावी आणि तिला पुढील विषयांचे व्यापक ज्ञान व अनुभव असावा: विधी, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे, प्रशासन व शासन.

ही यादी आम्ही तीनदा वाचली. तीत साहित्य नाही. शिक्षणही नाही.

मराठीच्या प्राध्यापकाला अशी यादी वाचून जे वाटावे तेच वाटले. म्हणजे प्रथम अपमान वाटला आणि मग लगेच राज्यघटनेची आठवण झाली. विधान परिषदेवर राज्यपालांनी ज्यांना नियुक्त करायचे त्यांची क्षेत्रे अनुच्छेद १७१ मध्ये दिली आहेत आणि तेथे पहिला शब्द साहित्य आहे. विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा हे मागाहून. आमच्याच जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराशी पळसखेड आहे. तेथले ना. धों. महानोर १९७८ साली याच वाटेने विधान परिषदेत गेले. रानात राबणारा कवी सभागृहात जाऊन शेती आणि पाण्यावर बोलतो, हे आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकले आहे आणि कवितेवर आमचा जीव जडण्यात या ऐकीव गोष्टीचाही वाटा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले, तेव्हा वर्गात त्यांच्या कवितेइतकेच त्यांच्या त्या आमदारकीविषयी बोललो. (घटनेतल्या पहिल्या शब्दाचे पुढे काय झाले हा निराळा विषय. २०२० च्या नोव्हेंबरात पाठवलेली बारा नावांची यादी मंजूर न होता पडून राहिली आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर मागे घेतली गेली, एवढे सांगून तो सोडतो.)

पण महानोरांनी अर्ज केला नव्हता. नियुक्तीसाठी अर्ज नसतो. ती चालून येते, निदान चालून आल्यासारखी दिसते. आमच्या साहित्यव्यवहारात मानाच्या साऱ्या जागा अशाच आहेत. १९६० साली राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तेव्हा यशवंतराव चव्हाणांनी अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे सोपवले. तर्कतीर्थांनी रीतसर अर्ज केला असता तर, ही कल्पनाच आपल्याला हास्यास्पद वाटते. का वाटते, याचा विचार मात्र आम्ही तोवर केला नव्हता.

जाहिरातीत अर्ज हवा होता आणि त्या अर्जात आपण नामांकित कसे, ते आपणच लिहायचे होते. येथे आमची लेखणी अडली. मराठी ग्रंथांच्या आरंभी कवी आपली मती अल्प असल्याचे सांगतात, हा विनयाचा संकेत आम्ही दरवर्षी शिकवतो. या नमुन्यात विनयाला रकानाच नव्हता. शोधनिबंधांची यादी जोडली. ती वाचताना लक्षात आले की त्यांतले बरेचसे पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिलेले होते आणि आयोगापुढे अपील घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यांचा काडीइतका उपयोग नव्हता. मग ‘समाजसेवा’ या शब्दाशी आम्ही थांबलो. आमच्यापैकी एकाने नऊ वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहिलेले. सात-सात दिवसांची शिबिरे, ओढ्यावरचे वनराई बंधारे, एका वाडीतले व्यसनमुक्तीचे पथनाट्य. हे लिहिले. लिहिताना वाटले, खरे काम तर हे नव्हेच. गेल्या सात-आठ वर्षांत ओसरीवर बसून लोकांचे जे अर्ज लिहून दिले, निराधार योजनेचे, रेशनकार्डाचे, जन्मदाखल्याच्या दुरुस्तीचे, ते कोणत्या रकान्यात घालायचे? त्यांची नोंद आमच्याकडेही नव्हती.

आमच्यापैकी एकाचे आजोबा निजामाच्या राजवटीत वाढले. कारभार उर्दूत चाले. वावराचे काही काम निघाले की ते कन्नडला जाऊन अर्जनवीसाकडून दरखास्त लिहून घेत. अर्जनवीस वाचून दाखवी, तेही उर्दूतच; आजोबा मान डोलावीत आणि अंगठा उठवीत. आपल्या नावाने काय लिहिले गेले, हे त्यांना आयुष्यभर कळले नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. राजव्यवहारकोश होऊन साडेतीनशे वर्षे होत आली, शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांची रांग लावली, तरी आमच्याकडे अर्ज अर्जच राहिला. ‘आवेदन’ छापील कागदावरून खाली उतरले नाही. अर्ज अरबी-फारसीतून आलेला, ‘समोर मांडणे’ असा साधा अर्थ असलेला शब्द. त्यात लाचारी मुळात नाही. ती आजोबांच्या मान डोलावण्यात होती.

त्यांचे नातवंड आणि नातसून (किंवा नात आणि नातजावई, वर म्हटले तसे, हे उघड करायचे नाही) एम. ए. झाले, नेट झाले, आणि मागण्याची लाज बाळगू लागले. गावात सगळेच सगळ्यासाठी अर्ज करतात. विहिरीसाठी, घरकुलासाठी, शिष्यवृत्तीसाठी. अर्ज न करता काही मिळावे, ही अपेक्षा पिशोरात कोणी बाळगत नाही. ती आम्ही शहरातल्या चर्चासत्रांतून शिकलो. बोलावणे यावे, आपण आधी नाही म्हणावे, मग आग्रह व्हावा. ही रीत आम्हांला सुसंस्कृतपणाची वाटत होती. आज वाटते की ज्यांच्याकडे बोलावणे येतच असते, त्यांची ती रीत आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान आहे, म्हणजे मागणेच आहे, हे वर्गात सांगताना आमचा आवाज भरून येतो; आणि सामान्य प्रशासन विभागाकडे अर्ज पाठवायचा म्हटल्यावर घशात आवंढा. अर्थात ज्ञानदेवांनी जे मागितले ते स्वतःसाठी नव्हते. आम्ही जे मागत होतो ते कोणासाठी होते, याचे उत्तर आम्हांला पूर्ण देता येत नाही. आबांसाठी होते. गाडीसाठी, पाटीसाठीही थोडे होते. अर्ज लिहिणाऱ्या दोघांत या प्रमाणाविषयी एकमत नाही.

याच काळात २०२२ चा डिसेंबर आठवत होता. कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि आठवडाभरातच शासन निर्णय काढून तो रद्द करण्यात आला. निवड समितीही बरखास्त झाली. प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे सदस्यत्व सोडले, लक्ष्मीकांत देशमुख भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदावरून दूर झाले. विभागात त्यावर दोन दिवस चर्चा चालली. राजीनामे देणाऱ्यांविषयी आम्हांला आदर वाटला, आजही वाटतो. पण कलम १५ वाचून झाल्यावर पुढे कलम १७ वाचले, तेव्हा एक निराळीच गोष्ट दिसली. माहिती आयुक्ताला गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेच्या कारणावरून दूर करायचे, तर राज्यपालांना आधी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते. तेथे चौकशी होऊन दोष ठरला तरच आदेश काढता येतो. बोलावून, मान देऊन बसवलेली समिती एका शासन निर्णयाने उठवता येते. आणि ज्या खुर्चीसाठी रांगेत उभे राहून अर्ज करायचा, तिच्याभोवती कायद्याने कुंपण घातले आहे. आपण साहित्यिक मंडळी कोणत्या खुर्चीला अधिक मानाची समजत आलो?

हे कुंपण पूर्वीइतके उंच राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. पूर्वी कायद्यातच पाच वर्षे लिहिलेली होती, ती नियमांनी तीन झाली. वयाची कमाल मर्यादा पासष्ट. शिवाय आयुक्ताला दुसरा कोणताही व्यवसाय करता येत नाही. निवृत्तीला आलेल्या सनदी अधिकाऱ्याला हे सारे सोयीचे पडते. चाळिशीतल्या अनुदानित महाविद्यालयातल्या माणसाला नाही. कायमची नोकरी सोडायची, तीन वर्षे खुर्चीवर बसायचे आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा मोकळे व्हायचे. घरात बारावीतली मुलगी, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढे ढकललेले. तीन रात्री आम्ही हिशेब केले. तिसऱ्या रात्री ज्याचे नाव अर्जावर होते त्याने अर्ज फाडायला घेतला आणि ज्याचे नव्हते त्याने तो हातातून काढून घेतला. एवढेच झाले, पण अर्ज पाठवला तो त्यानंतर. काय म्हणून पाठवला असे विचाराल तर, निवड होणार नाही याची खात्री होती म्हणून, हे एक कारण होते. आणि आपल्यासारख्यांचे अर्जच येत नाहीत असे कोणाला म्हणता येऊ नये, हे दुसरे.

दुसऱ्या कारणाला आधार होता. अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात आयोगांवर बहुतांशी निवृत्त प्रशासकच नेमले जातात याकडे लक्ष वेधले आहे, कायद्याने सांगितलेल्या इतर क्षेत्रांतल्या नामांकितांचाही विचार व्हावा असे म्हटले आहे, आणि निवडीचे निकष व छाननीत राहिलेल्यांची नावे संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले आहे. निकाल वाचून आमच्यातल्या एकाला फार उमेद आली. दुसऱ्याने एवढेच म्हटले की इतर क्षेत्रे म्हणजेसुद्धा त्या यादीतलीच.

यथाकाळ नेमणुका झाल्या. वर्तमानपत्रात नावे आली, त्यांत आमचे नव्हते. त्या नावांविषयी आमची तक्रार नाही. त्यांतल्या कोणाला आम्ही ओळखतही नाही. त्या सकाळी दोघेही चहा घेताना काही बोललो नाही, आणि कॉलेजला निघताना एकाच वेळी हसलो.

आबांना यातले काही सांगितलेले नव्हते. त्यांच्या अपिलाच्या सुनावणीची नोटीस अखेर आली, तेव्हा ती घेऊन ते ओसरीवर आले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, तिथे कोण बसते म्हणून. आता आम्हांला सविस्तर सांगता येत होते. आबांनी सगळे ऐकून घेतले. “म्हणजे त्येनला बी अर्ज करावा लागतो?” म्हणाले. त्यांना ते फार पटले. जो अर्ज करून तेथे पोहोचला तो दुसऱ्याचा अर्ज नीट वाचील, असा त्यांचा तर्क. आम्ही त्यात भर घातली नाही.

सुनावणीला बरोबर कोण जाणार ते ठरले. कागदांची खताची पिशवी बदलून एक फाइल आणली. आबा गेल्यावर आम्ही एक कोरे जोडपत्र ‘अ’ टेबलावर घेतले. आमच्या अर्जाचे काय झाले, तो छाननीच्या कोणत्या पायरीपर्यंत गेला आणि त्यासाठी कोणते निकष लावले, एवढे विचारायचे होते. विषय एकच. स्वतःची हकीकत छाटायला आबांच्या हकीकतीपेक्षा अधिक वेळ लागला. तीन रात्रींचे हिशेब गेले, आजोबा गेले, महानोर गेले. एकशे अडतीस शब्द भरले. दहा रुपयांचे तिकीट चिकटवले. अर्जदाराच्या नावाच्या जागी या वेळी आमच्यापैकी दुसऱ्याने नाव लिहिले आणि सही केली.